रुमालाखालचा हात

करीमचाचा बागवान हे नाव पहिल्या ओळीत यावं, असं मी संपादकांना आधीच कळवून ठेवलं आहे. जागा कमी पडली तर माझं नाव काढा म्हटलं, त्यांचं ठेवा. अकोल्याचे करीमचाचा फळांचे व्यापारी. त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते एका वाक्यात सांगता येतं: चारचौघांत एक रुमाल बाजूला केला. वाचणाऱ्याला वाटेल, यात काय मोठं? म्हणून आधी आमचा धंदा सांगावा लागेल.

मी मूळचा राजापूरकडचा. सहावीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. मामा बडनेऱ्याला रेल्वेत होता, तो मला घेऊन आला. एकदा यार्डाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मामाला मी हाक मारली, ती स्टेशनात माल चढवायला आलेले, अमरावतीच्या फळबाजारातले अडते तात्याजी यांच्या कानावर गेली. आमच्या गावी खाडीपलीकडच्या होडीवाल्याला अलीकडून बोलवावं लागतं. लहानपणापासून ते काम माझं, म्हणून घसा तसा तयार झालेला. तात्याजी मामाला म्हणाले, "हे पोट्टं तुमचं होय काय जी? याचा आवाज मले द्या." पुढे मामाची बदली झाली, तो गेला. आवाज अमरावतीत राहिला आणि आवाजाबरोबर मी.

तात्याजींची अडत संत्र्यांची, म्हणजे बागेच्या मालकांची, बागवाल्यांची, संत्री ते दलालीवर विकून देत. शेंदूरजनाघाटाकडून रात्रभर चालून ट्रक येत, उजाडता उजाडता गवतावर संत्र्यांचे ढीग लागत. बागवाला ढिगाशेजारी बसायचा, व्यापारी भोवती उभे, आणि मी मध्ये उभा राहून बोली पुकारायचो. याला आमच्याकडे हर्रास म्हणतात. भाव चढला की आवाज चढवायचा, व्यापारी थंडावले की एखाद्याचं नाव घेऊन डिवचायचं. दर्यापूरचे एक व्यापारी होते, ते फळ खाल्ल्याशिवाय बोली लावत नसत, आणि एका फळाने त्यांचं मत होत नसे. मी पुकारायचो, "दर्यापूरवाल्यांचा नाश्ता झाला, आता बोली येते!" सगळे हसत, आणि लाजेकाजेस्तव बोली यायचीच.

चांगल्या मालाची मात्र हर्रास होत नसे. त्याचा सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्याचा माणूस आणि व्यापारी समोरासमोर बसत, दोघांचे उजवे हात एकमेकांत, वर रुमाल. व्यापारी बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. अडत्याचा माणूस कमी वाटलं तर बोट दाबून वर सरकवायचा. तोंडाने एक शब्द नाही. एकाचा हात झाला की दुसरा व्यापारी बसायचा, आणि शेवटी ज्याचा भाव जास्त त्याचा माल. शेजारी बसलेल्या बागवाल्याला रुमाल हलताना तेवढा दिसायचा, त्यात त्याचं नुकसान किती व्हायचं ते तोच जाणे. आता सरकारी नियमाने ही पद्धत बंद होत आली आहे आणि ते बरंच झालं. पण तिचा कायदा कडक होता. दोघांनी हात सोडल्याशिवाय रुमाल उचलायचा नाही. ज्याने उचलला त्याच्याशी त्या हंगामात कोणीही हात मिळवत नसे.

बोटांची ही भाषा मला करीमचाचांनी शिकवली. दर आठवड्याला अकोल्याहून यायचे, पांढरी दाढी, अत्तराचा वास, आणि बोलणं असं की त्यात हिंदी किती आणि वऱ्हाडी किती, ते अल्लालाच ठाऊक. "हात नको पाहूस, हात सुन," म्हणायचे. "गरजवंताचा हाथ घाम सोडते. लबाडाचा हाथ लई मऊ होऊन जाते." बाजारातले सगळे हात त्यांना पाठ होते.

माझ्या गळ्यातली गाठ पहिल्यांदा पाहिली ती कौतिकाबाईने. कौतिकाबाई म्हणजे बाजाराच्या फाटकाशी भाजी विकणारी बाई, गावाबाहेर तिचा स्वतःचा मळा. माझं इथे कोणी नाही म्हणून दुपारची भाकरी ती मला द्यायची आणि त्या बदल्यात हवं तेवढं बोलून घ्यायची. एकदा पाणी पिताना माझ्याकडे बघून म्हणाली, "काहून रे गोविंदा, तुह्या गळ्यात हे काय वरखाली होऊन राहिलं? बोर गिळलं काय?" मी हात लावून पाहिला. कंठमण्याच्या खाली, एका बाजूला, बोराएवढंच काहीतरी. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणून मी ते विसरायचं ठरवलं, पण कौतिकाबाई विसरू देईना. रोज भाकरी देताना गळा बघायची. शेवटी करीमचाचांनी मला अकोल्याला, जठारपेठेतल्या एका सर्जनकडे नेलं.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. गळ्यावर बोटं ठेवून मला आवंढा गिळायला लावला आणि म्हणाले, काढावं लागेल. ऑपरेशन झालं, गाठ तपासायला बाहेरगावी गेली, आणि उत्तर आलं ते कॅन्सरचं. थायरॉईड नावाची एक ग्रंथी गळ्यात असते, फुलपाखरू पंख पसरून बसल्यासारखी. त्या ग्रंथीचा कॅन्सर. तो शब्द ऐकल्यावर मला दवाखान्याच्या खिडकीतलं झाड दिसत होतं आणि डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. थांबले आणि विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"बाजारात बोली पुकारतो."

"एक दिवस पुकारणारा आलाच नाही तर?"

"माल पडून राहतो. व्यापारी असतात, बागवाला असतो, पण हलत काही नाही."

"बस. ही ग्रंथी म्हणजे शरीराचा पुकारणारा. ती रक्तात एक रस सोडते, त्याला हार्मोन म्हणतात. तो रस पुकारतो तेव्हा हृदय, पोट, डोकं, सगळे आपापल्या कामाला चढतात."

मी विचारलं, मग कॅन्सर झाला तरी मला काही जाणवलं कसं नाही? ते म्हणाले, एका कोपऱ्यात रोग होता, बाकीची ग्रंथी आपलं काम चोख करत होती, म्हणून रक्तातला रस कमी झाला नाही. तो कमी होणार तो आता, कारण सगळी ग्रंथी काढली. त्यावर गोळी असते, जन्मभर घ्यायची. मेंढीच्या ग्रंथी वाळवून करतात. पण ती लगेच सुरू करायची नाही. आधी मुंबईला जाऊन एक औषधी आयोडीन प्यायचं. गळ्यात ग्रंथीची काही कणी राहिली असेल तर ती ते आयोडीन शोषून घेते आणि त्यानेच मरते. मात्र त्यासाठी शरीर उपाशी हवं. रस कमी झाला की मेंदूखालची दुसरी एक ग्रंथी उरलेल्या कणीला ओरडून सांगते, काम कर, काम कर. ते ओरडणं अगदी टिपेला पोचलं की आयोडीन द्यायचं. गोळी घेतली तर ते ओरडणं थांबतं आणि आयोडीन वाया जातं.

मला ते पटलं. मी गप्प बसलो की तात्याजी ओरडतात, तसंच हे. "मुंबईत जागा मिळाली की कळवतो, तोवर गोळी नाही," डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी मनात गाठ मारून ठेवलं, आणि पुढचा सगळा घोटाळा त्याच गाठीने केला.

कामावर परत आलो तेव्हा मृग बहाराची संत्री यायला लागली होती. आवाज बसलेला होता. तो हळूहळू येईल असं सांगितलं होतं. तात्याजींनी पुकारायला दुसरा माणूस ठेवला आणि मला रुमालावर बसवलं. मुंबईहून काही येईना. पहिले काही दिवस नुसता थकवा होता. मग थंडी वाजायला लागली. वऱ्हाडातला मार्च सरता सरता काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. डांबर पायाला चिकटतं. त्या उन्हात मी घोंगडी पांघरून ढिगाशेजारी बसायचो.

"अंडे उबवून राहिला काय बाप्पा?" कौतिकाबाई म्हणायची. पहिल्यांदा हसून म्हणाली. पुढे हसायची बंद झाली.

चेहरा सुजला, डोळ्यांखाली पिशव्या आल्या. कातडी सुक्या पानासारखी झाली. आवाज घोगरा, आणि शब्द तोंडातून निघायला वेळ लागायचा, जीभच जाड झाल्यासारखी. कोणी काही विचारलं तर प्रश्न माझ्यापर्यंत पोचेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. सकाळी उठून सदऱ्याची बटणं लावताना मध्येच विसरायचो की लावतोय की काढतोय. मधूनच ओठांभोवती मुंग्या यायच्या, बोटं आखडायची. मी ती चोळून सरळ करायचो आणि कोणाला सांगायचो नाही.

तुम्ही विचाराल, डॉक्टरकडे का नाही गेलास? अकोला काही लांब नव्हतं. पण मला वाटायचं, शरीर उपाशी ठेवायला सांगितलंय तर हीच ती उपासमार असणार. कुरकुर केली तर ते गोळी देतील, आयोडीन वाया जाईल आणि आत राहिलेली कणी वाढेल. मोठ्या माणसांनी एकदा सांगितलं की परत विचारायचं नाही, अशाच सवयीत मी वाढलेला. आईला तर मी ऑपरेशनचंच कळवलं नव्हतं. तिला आपलं वाटायचं, मुलगा तिकडे मोठ्याने बोलायचे पैसे घेतो.

बाजाराने मात्र स्वतःचा निकाल लावून टाकला होता. सुजलेला चेहरा, जड जीभ, बसल्या जागी डुलक्या. एक दिवस तात्याजींनी मला ढिगाआड बोलावलं.

"खरं सांग गोविंदा. पिऊन येतं काय तू?"

"नाही जी."

"मंग तोंडाले काय झालं तुह्या? लोक मले विचारून राहिले. आजवर लेकरासारखा ठेवला तुले. पण रुमालावर दारूडा बसवला तं माह्या अडतीत कोन माल टाकीन?"

मला खूप बोलायचं होतं. शब्द जुळवेपर्यंत तेच म्हणाले, "परवा शेंदूरजन्याचा मोठा माल हाय, या हंगामात असा दुसरा नाही. तो सौदा नीट केला तं राहा. नाही तं कोकणात जाय बाप्पा, मायजवळ."

कोकणात जायचं म्हणजे कुठे? तिथे ना काम, ना दवाखाना. मुंबईचा निरोप आला असता तो अकोल्यालाच आला असता. नोकरी गेली तर राहायची खोली जाणार, ती अडतीचीच होती. मला मरणापेक्षा त्या खोलीची जास्त काळजी वाटत होती, हे आज लिहिताना विचित्र वाटतं, पण तेव्हा तसं होतं खरं.

तो माल खरोखर मोठा होता. बागवाले म्हातारे गृहस्थ, स्वतःच्या हाताने लावलेली झाडं, फळ हातात घेतलं की जड लागायचं. व्यापारी एकेक करून माझ्यासमोर बसले. मी मनाशी आकडे धरून ठेवत होतो, ओल्या हातात मासा धरावा तसे. तात्याजी पाठीशी उभे. शेवटी करीमचाचा बसले. रुमाल पडला.

त्यांनी माझा हात धरला आणि काहीच केलं नाही. बोट नाही, भाव नाही. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तेरा हाथ ऐसा काहून है रे?" रुमाल असताना बोलायचं नाही, हा नियम त्यांनीच मला शिकवला होता. मी घाबरलो. तात्याजी पाहत होते. श्वास जोरात यायला लागला, आणि रुमालाखाली माझा हात माझा राहिला नाही. बोटं आपोआप ताठ होऊन एकत्र आली, अंगठा आत वळला, मनगट वाकलं. मी सोडवायला गेलो तो आणखी आवळलं. पंजा मिटून समोरच्याची बोटं दाबली गेली म्हणजे मी भाव वर सरकवला, असा अर्थ व्हायचा. चाचा सोडून दुसरा कोणी असता तर सौदा तिथेच फिसकटला असता, आणि मी दारूडा ठरलो असतो.

चाचांनी दुसऱ्या हाताने रुमाल उचलला आणि बाजूला टाकला.

कोणीतरी म्हणालं, "अबे, चाचांनं रुमाल काढला!" तात्याजी ओरडले, "करीमभाई, हे काय केलं?"

चाचांनी माझा हात मनगटाला धरून वर केला. पक्ष्याची चोच असते तसा दिसत होता तो. "पाहा तात्याजी. सब लोग पाहा. दारू पेलेल्याचा हाथ गरम ऱ्हायते, थरथरते. हे पोरगं चैताच्या उन्हात बरफ आहे बरफ. चार हफ्त्यापासून मी याचा हाथ धरून राहिलो, दर बार जास्त ठंडा. ये मर रहा है, और तुम लोग त्याचं तोंड हुंगून राहिले!"

शेंदूरजन्याचे म्हातारे बागवाले उठले, त्यांनी माझ्या हाताला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "खरंच हो जी," ते तात्याजींना म्हणाले. "माल राहू द्या. पोराले आधी न्या."

कौतिकाबाई टोपली तशीच टाकून आली. तिने माझी बोटं सरळ करायचा प्रयत्न केला, ती होईनात तेव्हा पदरात धरून ठेवली. तात्याजींनी टांगा मागवला. बडनेऱ्याहून गाडीने चाचा मला अकोल्याला घेऊन गेले. सगळ्या वाटेत त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता, आणि डब्यातल्या लोकांना, कोणी न विचारताही, सांगत होते, "बच्चा बीमार है."

डॉक्टरांनी हात पाहिला आणि लगेच समजले. थायरॉईडच्या पाठीला डाळीच्या दाण्याएवढ्या आणखी काही ग्रंथी चिकटलेल्या असतात, त्या रक्तातला चुना सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला की चुना कमी पडतो आणि बोटं अशी आवळतात. त्यांनी शिरेत कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, अगदी सावकाश. छातीतून गळ्याकडे, गळ्यातून कानांपर्यंत एक ऊब पसरत गेली. किती दिवसांनी मला ऊब कळली! बोटं एकेक करून उघडली. चाचा ती उघडताना पाहत होते आणि पुटपुटत होते, "एक. दो. तीन."

मग डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "मी थांबा म्हटलं होतं. असं होईपर्यंत थांबा नव्हतं म्हटलं. दाखवायला का नाही आलात?"

मी म्हणालो, "तुम्ही गोळी नाही म्हणाला होता."

"चूक माझीही आहे," ते म्हणाले. "तारीख ठरवून बोलवायला हवं होतं मी." मग त्यांनी मुंबईला फोन जोडून घेतला. लाइन मिळेपर्यंत स्वतः यंत्राशेजारी बसून राहिले, आणि पलीकडच्या माणसाशी बोलताना त्यांचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मुंबईचं थोडक्यात सांगतो. आयोडीन म्हणजे पेल्यातलं पाण्यासारखं काहीतरी, चव अशी नाहीच. ते पाजणारा माणूस लांब चिमट्याने पेला पुढे करायचा. मग काही दिवस एकट्याला खोलीत ठेवलं, माझ्यातूनच किरण निघत होते म्हणे. जेवण दाराशी ठेवून माणसं मागे सरकत. मला हसू आलं: एवढे दिवस अंगात ऊब नाही म्हणून मरत होतो, आणि आता लोक माझ्या किरणांना भितात. तिथून सुटलो आणि गोळी सुरू झाली. ती एकदम चालत नाही. घोंगडी आधी खांद्यावरून मांडीवर आली, मग घडी होऊन कोपऱ्यात गेली. एका सकाळी घाम आला. मी तो पुसला नाही, तसाच बाजारात गेलो आणि कौतिकाबाईला दाखवला. तिने माझ्यावरून मिठाची मूठ ओवाळून टाकली. गोळी कशाची असते ते सांगायला लागलो तर कानांवर हात ठेवून म्हणाली, "मले नको सांगू, मी माळकरीन हाव!" करीमचाचांना मात्र ते फार आवडलं. "बकरे का गला खाओ, आदमी का गला बोलता है," असं ते अजून लोकांना सांगतात. मेंढी म्हणून मी दुरुस्त करत नाही.

खाडीपलीकडे जाणारा आवाज परत आला नाही. साधं बोलता येतं, वरची पट्टी गेली. तात्याजींनी मला ठेवून घेतलं. एकदा, हिशेबाला बसल्यासारखं करून, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले वाटलं नव्हतं बाप्पा असंही दुखणं असते." त्यांच्याकडून ते पुष्कळ होतं.

चाचांची गोष्ट मला उशिरा कळली. रुमाल उचलल्यामुळे त्या हंगामात बाजारातल्या कोणी त्यांच्याशी हात मिळवला नाही. बिमार पोरासाठी उचलला म्हणून काय झालं, कायदा तो कायदा, असं व्यापारी म्हणाले. शेंदूरजन्याचा तो माल दुसऱ्याने नेला. उरलेला हंगाम चाचा अकोल्यात गाडीवर केळी विकत होते, या वयात. मला सांगितलं ते कौतिकाबाईने. मी धावत अकोल्याला गेलो, तर म्हणाले, "केळ्याचा धंदा अच्छा आहे रे. रुमाल लागत नाही."

पुढच्या बहाराला ते पुन्हा आमच्या अडतीत येऊन बसले, माझ्यासमोर. रुमाल पडला. त्यांनी माझा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला, भाव काही सांगेनात. तात्याजी खाकरले. तेव्हा चाचांनी माझा अंगठा हलकेच दाबला. अंगठ्याला आमच्या भाषेत काही अर्थ नाही.

आता चाचा बाजारात येत नाहीत. नजर अधू झाली आहे, ओट्यावर बसून असतात. काही न्यावं तर परत करतात. शर्ट नेला, तो नातवाला घातला. एकदा मी फार मागे लागलो तेव्हा म्हणाले, "तेरे गाव का आम ला. बाजार का नको. तू स्वतः तोडलेला. दाम रुमाल में करेंगे." आमच्या घरामागे एक आंब्याचं झाड आहे, वडिलांनी लावलेलं. आई गेल्यापासून ते चुलत्यांच्या ताब्यात आहे, आणि मी तिकडे गेलो नाही. दरवर्षी वाटतं, रजा नाही, तपासणी आहे, गोळ्या प्रवासात संपल्या तर काय. खरं म्हणजे भीती वाटते, कोणी ओळखलं नाही तर.

पण जाईन. येत्या वैशाखात नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. झाडावर चढता येईल एवढी ताकद अंगात आहे तोवर जाईन. पेटी घेऊन अकोल्याला येईन, चाचांच्या ओट्यावर ठेवीन आणि आमच्या दोन हातांवर माझा रुमाल टाकीन. ते जे बोट धरतील तो भाव, मी वर सरकवणार नाही. आणि त्यांनी काहीच न सांगता नुसता हात धरून ठेवला, तर हात आधी मी सोडणार नाही.